सहा सिलिंडर, ४९२ मिलिमीटर : कुंडईच्या शेडमधल्या नोंदी

३ फेब्रुवारी २०२५

सहा सिलिंडरचं इंजिन शेडमध्ये स्वतः करायचं, त्याचं मोजमाप ठरलं. मारुती ८०० आणि ओम्नीचं जुनं तीन सिलिंडरचं इंजिन : बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ६८.५ मि.मी., स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७२ मि.मी., ७९६ सीसी. तेच पिस्टन, रिंगा, रॉड, व्हॉल्व्ह आणि स्प्रिंगा सहा सिलिंडरना लावल्या की होतात १५९२ सीसी. हे भाग म्हापशात किंवा मडगावात स्पेअरच्या दुकानात उभ्याउभ्या मिळतात, आणि पिस्टन-रिंगा स्वतः करण्याच्या भानगडीत पडू नये हे सगळ्यांना मान्य आहे. नवं करायचं ते चारच : ब्लॉक, हेड, क्रँक (पिस्टनची वरखाली धाव फिरण्यात बदलणारा दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा).

इंजिन जुन्या जिप्सीच्या बॉनेटखाली बसवायचं. तिथलं मूळ इंजिन १२९८ सीसी, चार सिलिंडरचं. म्हणजे सगळी लढाई लांबीची. रेडिएटर पुढे सरकवून आणि इलेक्ट्रिक फॅन लावून ब्लॉकला जेमतेम ५०० मि.मी. मिळतात.

१५ अंशांच्या अरुंद व्ही रचनेचाही विचार झाला. फोक्सवॅगनने १९९१ मध्ये २७९२ सीसीचं सहा सिलिंडर तसंच, एकाच हेडखाली बसवलं. लांबी झकास वाचते. पण बोअर तिरके आणि हेड सपाट, म्हणून पिस्टनचा माथा तिरपा लागतो. दोन ओळींचे पोर्टही कमीजास्त लांबीचे होतात. तिरप्या माथ्याचा पिस्टन म्हणजे बाजारातला पिस्टन बाद. सरळ रांगेतलं सहाच करायचं.

१० फेब्रुवारी

लांबीचा हिशेब. बोअरच्या मध्यापासून मध्यापर्यंत ७६ मि.मी. त्यात रॉडची पिन २१, मेन जर्नल (ब्लॉकमधल्या बेअरिंगवर फिरणारा भाग) १९, पिन आणि जर्नल जोडणारे दोन वेब १८-१८. दोन बोअरमधली भिंत उरते ७.५ मि.मी. एवढ्या भिंतीत पाण्याची वाट काढता येत नाही, बोअर जुळे ओतावे लागणार.

३ आणि ४ या सिलिंडरांचे पिस्टन एकाच वेळी वर येतात नि एकाच वेळी खाली जातात. दोघांचा झटका मधल्या, म्हणजे ४ नंबरच्या मेन बेअरिंगवर एकत्र पडतो. ते बेअरिंग १९ ऐवजी २४ मि.मी. केलं. म्हणून ३-४ मधलं अंतर ८१, आणि तिथली भिंत १२.५. तेवढ्यात पाणी जातं. आयताच फायदा.

एकूण : चार वेळा ७६, एकदा ८१, अधिक एक बोअर, अधिक दोन्ही टोकांना १९-१९. ब्लॉक ४९१.५. ड्रॉइंगवर ४९२ लिहिलं.

१४ फेब्रुवारी

शेडमध्ये दोन दिवस एकच वाद. दोन जुन्या क्रँक मागेपुढे जोडून सहाची क्रँक का होऊ नये? दोन्ही १२० अंशांच्याच आहेत, मध्ये फ्लँज वेल्ड केली की झालं. स्वस्तातला उपाय म्हणून तो पुन्हापुन्हा वर येतो, म्हणून कारण इथे लिहून ठेवतो.

सहाच्या क्रँकमध्ये १ आणि ६, २ आणि ५, ३ आणि ४ या जोड्या एका कोनात असतात. म्हणजे मागचा अर्धा भाग हा पुढच्याचं आरशातलं रूप. तीन सिलिंडरचं इंजिन टोकांवर डोलतं. पुढच्या तिघांचं डोलणं मागचे तिघे उलट्या बाजूने मारतात, म्हणून सरळ सहा इतकं शांत चालतं. आता जुनी क्रँक हातात घ्या. तिच्या पिना अक्षाभोवती एका बाजूने वळत जातात, आट्यांसारख्या. ती उलटी फिरवून मागे लावली तरी वळण तेच राहतं. उजव्या आट्यांचा बोल्ट कुठल्याही टोकाने धरा, डावा होत नाही. दोन एकाच वळणाच्या क्रँक जोडल्या आणि फायरिंग समान १२० अंशांवर ठेवायचं म्हटलं तर डोलणं मरत नाही. उत्तम जुळणीतही एका तीन सिलिंडर इंजिनाइतकं उरतं. डोलणं मारायला मागची क्रँक १८० अंश फिरवली, तर फायरिंग १८०-६०-१८०-६० असं लंगडतं. दोन्ही एकदम साधत नाहीत.

तोच न्याय कॅमला. पुढचे तीन १-३-२ या क्रमाने पेटतात, मागच्या तिघांचा क्रम त्याच्या उलट हवा. जुनी कॅम मागे चालणार नाही. बारा लोबची नवी एकच कॅम, सात जर्नलवर.

फायरिंग क्रम १-५-३-६-२-४.

३ मार्च

पॅटर्न, म्हणजे साचा घडवायचे नमुने, सागवानाचे. ब्लॉकसाठी बिडाची आक्रस १ टक्का धरली, हेडच्या अॅल्युमिनियमसाठी १.३. मशिनिंगसाठी वरच्या पृष्ठभागावर ४ मि.मी., बोअरला प्रत्येक बाजूने ३. ब्लॉक एफजी २६० बीड, हेड एलएम २५, ओतल्यावर टी-६ उष्णोपचार. ओतकाम बेळगावला. चोर्ला घाटातून सकाळी निघालं की दुपारी पॅटर्न फौंड्रीत.

पाण्याच्या जॅकेटचा (सिलिंडरभोवतीच्या पोकळीचा) कोअर, म्हणजे ओतताना ती पोकळी राखणारा वाळूचा गाभा, एकसंध करायचा हट्ट सोडला. ४५० मि.मी. लांब आणि ९ मि.मी. जाड कोअर उचलतानाच मोडतो. दोन तुकडे, सांधा ३-४ च्या मधे, जिथे जागा आहे.

२२ एप्रिल

पहिले दोन ब्लॉक आले. एक उभा चिरून पाहिला. चिरल्याशिवाय कळत नाही, आणि एक बळी द्यायचा हे आधीच ठरलं होतं. बोअरची भिंत कच्च्या ओतीवात ८ मि.मी. हवी, १ नंबरला एका बाजूला ९.४, दुसऱ्या बाजूला ६.५. कोअर पुढे तरंगला. वितळलेलं बीड वाळूच्या चौपटीहून जड, कोअरला ते खालून उचलतं. कोअरच्या बुडाला, म्हणजे कोअर प्रिंटला, धरायला फक्त १२ मि.मी. दिले होते. ते २० केले आणि मधे दोन चॅपलेट (कोअरला धरून ठेवणारे धातूचे टेकू) टाकले.

दुसरा ब्लॉक वापरण्याजोगा. कॅलिपरने बाहेरून जॅकेटच्या भोकांतून जिथे पोचता येतं तिथे मोजला, सगळीकडे ७.३ ते ८.६. बोअर करताना सेंटर ०.४ मि.मी. सरकवून भिंती समान करता येतील असं वाटतं, पण करायचं नाही. क्रँकचं आणि बोअरचं सेंटर हलवलं की पुढची सगळी मापं हलतात.

९ मे

क्रँकसाठी ईएन-२४ पोलादाचा गोळा (गोल दांडा), व्यास १२० मि.मी., लांबी ५६० मि.मी., वजन जवळपास ५० किलो. पिना ऑफसेट धरून लेथवर काढायच्या. दोन्ही टोकांना चकत्या, त्यांवर १२० अंशांवर तीन सेंटर, अक्षापासून ३६.००. चकत्या एकमेकींशी जुळवणं हेच खरं काम. ३६ मि.मी. त्रिज्येवर एका मिनिटाचा कोन चुकला की पिन साधारण एक शतांश मिलिमीटर सरकते. डिव्हायडिंग हेडवर दोन्ही चकत्या एकत्र बोल्ट करून भोकं एकाच सेटिंगमध्ये मारली.

कोपऱ्यांना त्रिज्या २.५ मि.मी. टूल त्याच त्रिज्येचं घासून घेतलं. कोपरा टोकदार राहिला तर क्रँक तिथूनच तुटते, हे या भागातल्या बार्जवाल्यांना सांगावं लागत नाही.

२ जून

रफ टर्निंग संपलं, पण ग्राइंडिंग अडकलं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. सगळे ट्रॉलर धक्क्याला, आणि इंजिनांची वर्षभराची कामं याच दोन महिन्यांत. क्रँक ग्राइंडरवाला हसून म्हणाला, "बाब, तुमची गाडी रस्त्यावर थांबेल, त्यांची समुद्रात थांबते." नंबर ऑगस्टचा.

मधल्या वेळात नायट्रायडिंग (भट्टीत नायट्रोजन देऊन पृष्ठभाग कडक करणं) उरकून घेऊ असं ठरलं. पुढची नोंद पाहा.

३० जून

क्रँक नायट्रायडिंगहून आली ती वाकून. व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल लावला : ४ नंबर मेनवर ०.११ मि.मी. रनआउट (फिरवताना दिसणारी डगमग). चालतो तो ०.०३ पर्यंत.

चूक आमची. रफ टर्निंगमध्ये दोन तृतीयांश धातू काढला की आत कोंडलेले ताण असमान उरतात. ५८० अंशांवर धरून, भट्टीतच थंड करून ते आधी मोकळे करायचे असतात आणि मग फिनिश. ती पायरी आठवडा वाचवायला गाळली. नायट्रायडिंगच्या ५१५ अंशांवर ताणांनी आपली वाट स्वतः काढली. प्रेसवर सरळ करता येत नाही. कडक थर फक्त ०.३ मि.मी.चा, त्याला तडे जातात. आणि एवढा वाक घासून काढायचा तर एका बाजूचा थर एक तृतीयांशाहून जास्त जातो.

क्रँक बाद. आता ती कपाटावर पडून आहे. दुसरा गोळा मागवला.

१५ जुलै

हेडचे दोन ओतीव, दोन्ही बाद. इनटेक पोर्टच्या छतात टाचणीच्या डोक्याएवढी भोकं, एकाशेजारी एक, आतून चकचकीत. चकचकीत म्हणजे वायू. पावसाळ्यात कोअर हवेतली ओल पितात. ओतल्यावर ती वाफ होऊन अॅल्युमिनियममध्ये शिरते. फौंड्रीत कोअर आदल्या संध्याकाळी करून ठेवले होते. पुढच्या खेपेला रेझिनचे शेल कोअर, १५० अंशांवर दोन तास भाजून, ओतण्याच्या अर्धा तास आधी मोल्डमध्ये. वितळलेल्या धातूतूनही वायू काढून घ्यायचा.

शेडमधलीही गोष्ट. ब्लॉकचे बोअर करून ठेवले होते, रात्रीत तांबूस झाले. आता संध्याकाळी मशीन बंद करण्याआधी बोअरला तेल, वर प्लास्टिक. सुक्या फडक्याने पुसून ठेवणं म्हणजे गंजाला आमंत्रण.

१२ ऑगस्ट

दुसरी क्रँक, या वेळी सगळ्या पायऱ्या क्रमाने. नायट्रायडिंगनंतर रनआउट ०.०२. तयार वजन १६.४ किलो. आठ काउंटरवेट.

होनिंग (बोअरची शेवटची घासाई) टॉर्क प्लेट लावून केलं. ४० मि.मी. जाड लोखंडी प्लेट, हेडच्या बोल्टांनीच, त्याच टॉर्कने कसलेली. प्लेटशिवाय गोल असलेला बोअर बोल्ट कसल्यावर बोल्टांच्या बाजूने फुगतो; आमच्या ब्लॉकवर बोअर गेजने ०.०२५ दिसलं. जुळ्या बोअरना हे जास्त जाणवतं. पिस्टन-बोअर फट ०.०४.

हेड तिसऱ्या ओतीवात बरं निघालं. ज्वलनकक्षांचं आकारमान मोजलं : अॅक्रिलिकची भोक असलेली काच, ग्रीसने चिकटवून, ब्युरेटमधून डिझेल. ९ : १ कॉम्प्रेशन गुणोत्तरासाठी सिलिंडरमागे एकूण ३३.२ सीसी हवेत, गॅस्केटचे ४.६ आणि पिस्टन ०.३ मि.मी. खाली राहतो त्याचा १.१ वजा जाता कक्षाला २७.५. मिळाले २५.९ ते २७.४. म्हणजे एका सिलिंडरला ९.४, दुसऱ्याला ९.०. हातग्राइंडरने सगळे २७.४ वर आणले. स्पार्क प्लगच्या बाजूने घासायचं, व्हॉल्व्हच्या सीटजवळ नाही.

२२ ऑगस्ट

जोडणी. मेन बेअरिंगची फट प्लास्टिगेजने (दाबून चपटी झाली की फट दाखवणारी प्लास्टिकची तार) ०.०३५ ते ०.०४५. रॉड ०.०३ ते ०.०४. हेड बोल्ट एम-१०, मधून बाहेर गोल फिरत, ३०, ५०, मग ६८ न्यूटन-मीटर. तेल लावून, सुक्या आट्यांवर तोच आकडा आला तरी पकड कमी असते.

इनटेक दोन भागांत : १-२-३ चा एक डबा, ४-५-६ चा एक. प्रत्येक तिघांत दर २४० अंशांनी एकच सिलिंडर हवा ओढतो, कोणी कोणाच्या तोंडचं पळवत नाही. एक्झॉस्टही तसाच, तीन-तीनचा. तीन डबल-एंड कॉइल, प्रत्येक एकाच वेळी दोन प्लगना ठिणगी देणारी : १-६, ५-२, ३-४. ट्रिगरचं, म्हणजे क्रँक कुठे आहे हे सेन्सरला सांगणारं, साठ उणे दोन दातांचं चाक पुढच्या पुलीवर. तिथे जागा होती म्हणून.

आता चवथ, गणेशोत्सव. शेड ३ सप्टेंबरपर्यंत बंद.

८ सप्टेंबर

स्टार्टरने फिरवताना तेलाचा दाब १४ सेकंदांत आला, मग प्लग लावले. पहिल्याच खेपेला एक्झॉस्टमधून बार. कॉइलच्या दोन तारा अदलाबदल, ५-२ च्या जागी ३-४. बदलल्या. पेटलं. ८५० आरपीएमवर टॅपेट कव्हरवर उभं ठेवलेलं रुपयाचं नाणं पडलं नाही.

पंपावर मिळतं ते ई-२० पेट्रोल. हवा आणि पेट्रोलचं १४.७ चं गुणोत्तर तिथे लागू नाही, साडेतेराच्या आसपास धरायचं. ईसीयूमधला (इंजिन चालवणाऱ्या संगणकातला) फ्युएलचा नकाशा त्याच हिशेबाने भरला. लॅम्ब्डा सेन्सरवर १ आलं की झालं, आकड्याशी भांडायचं नाही.

१५ सप्टेंबर

चार तास चालवल्यावर रेडिएटरमध्ये बुडबुडे. कॉम्प्रेशनचा दाब : १ ते ४ ला ११.५ ते ११.८, ५ ला ८.२, ६ ला ८.०. तेल टाकून पुन्हा घेतलं, आकडे हलले नाहीत, रिंगा निर्दोष. शेजारचे दोन एकदम पडले की गॅस्केट मधून गेलं.

हेड काढलं. ५-६ च्या मधल्या पट्टीवर पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ. स्ट्रेट-एजखाली त्या पट्टीवर ०.०६ ची फीलर पाती सहज सरकते. पट्टी ७.५ ची, आत पाणी नाही, आणि पंप पुढे असल्याने मागे पोचेपर्यंत पाणी तापलेलं. थर्मोकपल लावून पाहिलं तर ६ नंबर हा १ पेक्षा १४ अंशांनी गरम.

केलं ते असं. ७.५ च्या चारही भिंतींत वरून तिरकी २.५ मि.मी.ची दोन-दोन भोकं, दोन्ही बाजूंच्या जॅकेटमधून येऊन पृष्ठभागाखाली १० मि.मी.वर एकमेकांना मिळणारी. दोन्ही बाजूंना २.५ मि.मी. धातू उरतो, ड्रिल भरकटलं तर ब्लॉक गेला. म्हणून जिग केलं आणि चिरलेल्या ब्लॉकवर आधी सराव. गॅस्केटमधली पाण्याची भोकं पुढे ४ मि.मी., मागे वाढत ९ पर्यंत, म्हणजे पाणी पुढच्या पुढेच वर न जाता मागपर्यंत ढकललं जातं. ब्लॉकचा माथा ०.१० घासला. कॉम्प्रेशन गुणोत्तर त्याने ९.१ झालं, हरकत नाही.

१९ सप्टेंबर

१ आणि ६ मधला फरक ५ अंश. बुडबुडे नाहीत.

२६ सप्टेंबर

वॉटर ब्रेकवर (पाण्याचा भार देऊन इंजिनाची ताकद मोजणारं यंत्र). ४२०० ते ४३०० च्या मधे मिसफायर. ४००० ला सुरळीत, ४५०० ला सुरळीत. कॉइल बदलल्या, प्लगची फट ०.८ केली, तारा एक्झॉस्टपासून लांब नेल्या. काही फरक नाही. ईसीयू त्याच पट्ट्यात ट्रिगरची चूक नोंदवतो.

३० सप्टेंबर

दोष विजेचा नव्हता. तीन सिलिंडरच्या क्रँकला ज्याची पर्वा करावी लागत नाही ते सहाच्या लांब क्रँकला भोवतं : पीळ. क्रँकचं पुढचं टोक फ्लायव्हीलच्या मानाने पुढेमागे पिळवटतं, आमच्या हिशेबाने सेकंदाला ३२० वेळा. सहाव्या ऑर्डरचा, म्हणजे एका फेऱ्यात सहा वेळा बसणारा, धक्का ३२०० आरपीएमला तिथे पोचतो, साडेचारचा ४२६७ ला, तिसऱ्याचा ६४०० ला. मिसफायर बरोबर ४२६७ वर. दुसरं चाक फ्लायव्हीलकडे लावून दोन्हींची तुलना केली : पुढच्या टोकाचा पीळ उणे-अधिक ०.६ अंश. ट्रिगरचं चाक नेमकं सर्वांत जास्त थरथरणाऱ्या टोकावर बसवलं होतं. ईसीयूला दात वेळेवर दिसत नव्हते.

ट्रिगर मागे नेला, मिसफायर गेला. पण पीळ तिथेच आहे, फक्त दिसेनासा झाला. हा धोका जास्त मोठा. पुलीचा बोल्ट काढताना हाताला सैल लागला, ९० न्यूटन-मीटरचा ४० वर.

१० ऑक्टोबर

डॅम्पर, म्हणजे पीळ शोषणारं चाक. हब, ६० शोअर कडकपणाची रबराची पट्टी, बाहेर बिडाची कडी. कडीचं जडत्व क्रँकच्या प्रभावी जडत्वाच्या ०.१२ पट. डॅम्परची स्वतःची लय ३२० ला जुळवायची नाही. ३२० भागिले १.१२, म्हणजे २८६. नेमकी ३२० ला जुळवली तर खालच्या बाजूला नवं शिखर उभं राहतं.

हब आणि कडीवर पांढऱ्या रंगाची एकच आडवी रेघ ओढून ठेवली. वीस मिनिटं ४५०० वर. थांबवून पाहिलं तर रेघ तुटलेली, कडीवरचा तुकडा ११ मि.मी. पुढे. रबर घसरलं. पट्टी आत दाबताना साबणाचं पाणी लावलं होतं. या हवेत ते रबर आणि धातूच्या मधे आठवडाभर तसंच राहतं.

१७ ऑक्टोबर

दुसरा डॅम्पर. पट्टी स्पिरिटने ओली करून दाबली, मग ८० अंशांवर चार तास. रेघ जागेवर. ४२६७ ला पीळ ०.२ अंश. ३२०० ला जाणवण्याइतकंही नाही. पुलीचा बोल्ट ९० वर, दोन तासांनी तपासला, तिथेच.

वॉटर ब्रेकवर ५२०० ला ७१ अश्वशक्ती. कारखान्याच्या तीन सिलिंडर इंजिनाची ३७ होती, दुप्पट ७४. तीन कमी, त्यात कॅमचा दोष असावा. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बंद व्हायला ३ अंश उशीर दिसतो, डिग्री व्हीलवर पुन्हा पाहायचं.

ईसीयूत मर्यादा ५८०० वर. तिसऱ्या ऑर्डरच्या ६४०० पासून लांब. ती वाढवायची नाही, कोणीही मागितली तरी. शेडच्या किल्ल्यांसोबत पासवर्डही फोरमनकडे.

उरलेलं : डिपस्टिकची नळी जिप्सीच्या स्टिअरिंग बॉक्सला लागते, २० मि.मी. वाकवायची. पुढचं इंजिन माउंट ८ मि.मी. खाली.